मोकळ्या जागेची वहिवाट

पहाटे साडेपाचच्या सुमारास, रंकाळ्याच्या काठावरचे दिवे अद्याप मालवलेले नसताना आणि पलीकडे शालिनी पॅलेसच्या मनोऱ्याची आकृती अंधारातून नुकतीच वेगळी होऊ लागलेली असताना, तलावाभोवतीच्या वाटेवर माणसांची जी अखंड ये-जा सुरू होते, तिच्याकडे नगररचनेत रस असणाऱ्याने एकदा तरी निवांतपणे पाहावे. कानटोपी घातलेले निवृत्त शिक्षक, जोर-बैठका आटोपून तालमीतून परतणारी पोरे, पदर खोचून झपाझप चालणाऱ्या गृहिणी, गुडघ्यांच्या दुखण्यावर डॉक्टरांनी चालणे सांगितले म्हणून नातवाचा हात धरून निघालेल्या आजी, असा सारा गाव तेथे असतो. त्यांच्यापैकी कोणीही तिकीट काढलेले नसते, कोणाची परवानगी घेतलेली नसते. फेरा पुरा झाला की काही जण गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर वळतात, समोर काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध पितात आणि आपापल्या कामाला लागतात. आपण एका सार्वजनिक मालमत्तेचा उपभोग घेऊन आलो, असा विचार त्यांच्या मनाला शिवतही नसेल. इतकी ती वाट त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे.

जमिनीच्या कज्ज्यांत आपल्याकडे एक जुना, अर्थवाही शब्द चालत आलेला आहे: वहिवाट. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे हा एक प्रश्न, आणि त्या जमिनीत प्रत्यक्ष पाऊल कोणाचे पडते, नांगर कोणाचा चालतो हा दुसरा. शहराच्या मोकळ्या जागांचा विचार करताना मला हे दोन्ही प्रश्न सारख्याच महत्त्वाचे वाटतात. उद्यान, क्रीडांगण, तलाव, नदीकाठ यांची दफ्तरात नोंद असली पाहिजे हे खरे. परंतु नोंदीमागे पैशाची तरतूद आणि तरतुदीमागे लोकांची वहिवाट नसेल, तर ती नोंद कालांतराने पुसली जाते, असा आपल्या शहरांचा अनुभव आहे. कोल्हापूर हे या अनुभवाचे बोलके उदाहरण आहे. या शहराने मोकळ्या जागा गमावल्याही आहेत आणि राखल्याही आहेत, आणि त्या दोहोंचा इतिहास आजही पेठांच्या नावांतून वाचता येतो.

जुने कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. रंकाळा, कोटितीर्थ आणि कळंबा हे आज सर्वांच्या ओळखीचे जलाशय. परंतु प्रत्येक पेठेच्या आसपास त्या काळी एखादे तळे असेच, आणि त्याच्या काठी एखादे देऊळ, एखादा घाट, गुरांना पाणी पाजण्याची उतरण हेही असे. शहर वाढले, नळाचे पाणी घरोघर आले आणि ज्या तळ्यावर गाव जगला त्याच तळ्याचे साचलेले पाणी आरोग्याला अपायकारक वाटू लागले. एकेक तळे मग भरावाखाली गेले. जेथे कपिलतीर्थ होते तेथे आज भाजीमंडई भरते आणि तिला लोक कपिलतीर्थ मार्केटच म्हणतात. शिवाजी पेठेतील वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. रावणेश्वराच्या तळ्यावर राजर्षी शाहू स्टेडियम उभे राहिले, आणि एके काळी ज्या पाण्यात देवळाचे प्रतिबिंब पडत असे, त्या जागी आता पेठापेठांचे फुटबॉल संघ ईर्ष्येने झुंजतात. सिद्धाळ्याची बाग झाली.

या परिवर्तनाचे दुःख मानावे की समाधान, याचे उत्तर एकेरी नाही. पाणी गेले ही हानीच झाली. तळे उन्हाळ्यात भोवतालची हवा गार ठेवते, पावसाचे पाणी पोटात घेते आणि शेजारच्या विहिरींना झरे पुरवते. हे काम क्रीडांगणाकडून होत नाही. १९१४ साली हिंदुस्थानात आलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले नगररचनाकार पॅट्रिक गेडीस हे गावोगावच्या नगरपालिकांना, तळी बुजवू नका, ती स्वच्छ करा, असेच सांगत होते. तथापि हेही ध्यानात घेतले पाहिजे की, कपिलतीर्थावर निदान सार्वजनिक बाजार झाला आणि वरुणतीर्थावर मैदान झाले. ती जागा कोणा एकाच्या मालकीची होऊन कुंपणाआड गेली नाही. पाण्यावरची गावाची वहिवाट मातीवर चालू राहिली. आणि पाण्यानेही आपली वहिवाट सोडलेली नाही: पावसाळ्याचा जोर वाढला की गांधी मैदानात आजही पाणी साचते, खेळ बंद पडतात आणि वरुणतीर्थ काही दिवसांपुरते पुन्हा प्रकट होते. जमिनीचा उतार हा कोणत्याही ठरावाने बदलत नसतो, हा नगररचनेचा पहिला धडा त्या मैदानात दरवर्षी गिरवला जातो.

मोकळी जागा ही इमारती बांधून उरलेली शिल्लक नव्हे, तिची योजनाच मुळात करावी लागते, हे ज्यांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उमगले होते, त्यांत छत्रपती शाहू महाराजांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १८९५ मध्ये त्यांनी व्यापारासाठी शाहूपुरी वसवली ती सरळ, रुंद रस्त्यांची. पुढे राजाराम महाराजांच्या काळात राजारामपुरी आखली गेली. तेथे पत्ता सांगताना आजही लोक पहिली गल्ली, पाचवी गल्ली असे क्रमांकच सांगतात. आखणी आधी आणि वस्ती नंतर, या क्रमाची ती खूण आहे. पण शाहू महाराजांच्या दृष्टीचा खरा साक्षात्कार होतो तो खासबागेत. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले आणि तशा धर्तीचे कुस्तीचे मैदान आपल्या रयतेसाठी उभारावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९०७ च्या सुमारास सुरू झालेले काम १९१२ मध्ये पूर्णत्वास गेले. मधोमध लाल मातीचा हौद आणि त्याच्या चहूबाजूंनी वर वर चढत गेलेला मातीचा उतार, अशी ती रचना आहे. सर्वांत मागे बसलेल्या खेडुतालाही पैलवानाच्या पाठीला माती लागली की नाही हे पुढच्याच्या डोक्यावरून स्पष्ट दिसावे, एवढाच तिचा हेतू, आणि तो आजही सफल होतो. नावच सांगते की ही मुळात राजघराण्याची खास बाग. संस्थानिकाने आपली खाजगी बाग हजारो लोकांच्या बैठकीला द्यावी, ही त्या काळातील घटना मला कोणत्याही राजवाड्याच्या बांधकामापेक्षा मोठी वाटते.

खासबागेला लागून महाराजांनी पॅलेस थिएटर बांधले, ज्याला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह आगीत भस्मसात झाले तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले आणि ते पूर्ववत उभारण्याची मागणी तत्काळ झाली. इमारत जळाली तर पुन्हा बांधता येते. मैदानावर इमारत उभी राहिली, तर ती पाडून पुन्हा मैदान केल्याची उदाहरणे मात्र बोटांवर मोजण्याइतकीही सापडत नाहीत. म्हणूनच मोकळ्या जागेचे रक्षण हे आधी करावयाचे काम आहे.

आजच्या काळात हे काम कोणा महाराजांच्या मर्जीवर नव्हे, तर कायद्याच्या चौकटीत चालते. १८५४ साली स्थापन झालेली कोल्हापूरची नगरपालिका १९७२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि महाराष्ट्रातील अन्य शहरांप्रमाणे तिलाही १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे विकास आराखडा करावा लागतो. या आराखड्याचा प्रवास सामान्य नागरिकाने समजून घेण्याजोगा आहे. प्रथम आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. मग शहरातील प्रत्येक भूखंडाचा प्रत्यक्ष वापर काय आहे, याची पाहणी होऊन विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. त्यावर शेत कोठे, ओढा कोठे, मुलांच्या खेळण्याची पडीक जागा कोठे, हे सारे यावे अशी अपेक्षा असते. पुढच्या वीस वर्षांची लोकसंख्या अंदाजून, शाळा, दवाखाने, रस्ते, उद्याने, क्रीडांगणे यांसाठी लागणाऱ्या जागांवर आरक्षणे टाकली जातात. हा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात, नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी होते आणि अखेर राज्य शासनाची मंजुरी मिळून आराखडा अमलात येतो. आरक्षणाखेरीज आणखी एक वाट आहे. ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट मंजूर करून घेताना तिचा दहा टक्के भाग सर्व रहिवाशांच्या सामाईक उपभोगासाठी खुला सोडावा लागतो. कॉलनीकॉलनीतून ‘ओपन स्पेस’ या नावाने जी जागा ओळखली जाते, ती हीच.

किती जागा पुरेशी मानावी, याचाही हिशेब मांडता येतो. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक सूचनांत दरडोई दहा ते बारा चौरस मीटर खुल्या जागेची शिफारस आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. दरडोई दहा चौरस मीटर धरले तरी सुमारे ५४९ हेक्टर, म्हणजे साडेपाच चौरस किलोमीटर भूमी लागते. शहराचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आहे. तेव्हा दर बारा एकरांतला एक एकर मोकळा राखला की हा हिशेब पुरा होतो. मागणी अवाजवी नाही. परंतु एकूण बेरीज जुळली म्हणजे काम झाले असेही नव्हे. शहराच्या एका टोकाला शंभर एकरांचे उद्यान असले आणि जुन्या पेठेतल्या मुलाला चेंडू टाकायला अंगणही नसले, तर त्या बेरजेचा त्याला काय उपयोग? लहान मुलाला आणि वृद्धाला रस्त्याची मोठी रहदारी न ओलांडता पायी पोहोचता येईल एवढ्या अंतरावर मोकळी जागा हवी. शिक्षकाने वर्ग घेऊन जाण्याजोगे क्रीडांगण त्याहून थोडे लांब चालेल, आणि तलाव, टेकडी, वनराई यांसाठी सारे शहर प्रवास करील. अशी ही उतरंड आराखड्यात सांभाळावी लागते.

आता अडचणीच्या जागी येऊ. आरक्षण टाकणे म्हणजे जमीन ताब्यात येणे नव्हे. खाजगी जमिनीवर उद्यानाचे आरक्षण पडले की तिचा मालक तेथे दुसरे काही बांधू शकत नाही, पण मोबदला मिळेपर्यंत जमीन त्याचीच राहते. त्याची अवस्थाही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे: मुलीच्या लग्नाला, मुलाच्या शिक्षणाला जी जमीन विकता आली असती, ती वर्षानुवर्षे नकाशावरील हिरव्या रंगात अडकून पडते. म्हणून कायद्याच्या १२७ व्या कलमाने अशी तजवीज केली आहे की, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी. त्यानंतरच्या मुदतीत, जी मूळची सहा महिन्यांची होती आणि २०१५ पासून चोवीस महिन्यांची आहे, संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द झाले असे समजले जाते. २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, केवळ पत्रव्यवहार व ठराव म्हणजे पाऊल उचलणे नव्हे. संपादनाची खरीखुरी कार्यवाही झाली पाहिजे. मालकाला रोख रक्कम देणे शक्य नसेल, तर हस्तांतरणीय विकास हक्क देऊन, म्हणजे तेवढे बांधकाम दुसरीकडे करण्याची मुभा देऊन जमीन घेता येते. तथापि कोणत्याही मार्गाने जावयाचे, तरी अंदाजपत्रकात दरवर्षी थोडीथोडी तरतूद आणि नोटिसांच्या तारखांवर सतत नजर, या दोन गोष्टींना पर्याय नाही. ज्या दिवशी मुदत टळते त्या दिवशी कोणतेही झाड तोडले जात नाही, कोणताही आवाज होत नाही. पण शहराचे एक उद्यान त्या दिवशी नाहीसे होते.

यात नागरिकांना काहीच करता येत नाही असे मात्र नाही. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा एका खाजगी शुश्रूषागृहाला देण्यात आली तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. रुग्णालय हे उपयुक्तच. पण उद्यानही आरोग्यासाठीच असते, आणि एका लोकोपयोगी गोष्टीचा बळी देऊन दुसरी उभारता येत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा. सभागृह, समाजमंदिर, पाण्याची टाकी, अशी उपयुक्त कारणे पुढे करूनच बहुधा खुल्या जागा खाल्ल्या जातात, म्हणून तो निर्णय प्रत्येक कॉलनीने स्मरणात ठेवावा.

कोल्हापुरात या साऱ्या विचाराला नदीने एक निर्वाणीचे परिमाण दिले आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन येणारी पंचगंगा शहराला वळसा घालून जाते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही तिची इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे येथील शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ते त्याहूनही वर चढले. शुक्रवार पेठ, दुधाळी, कसबा बावडा या भागांतील घरांच्या भिंतींवर त्या पाण्याची मातकट रेघ कितीतरी दिवस राहिली होती. नगररचनेच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्ट्यात बांधकाम निषिद्ध. तेथे शेती, बाग, क्रीडांगण असेच वापर असावेत. बारा महिन्यांपैकी अकरा महिने जी भूमी मुलांनी खेळायची, ती बाराव्या महिन्यात नदीने वापरायची, अशी ही वाटणी आहे. नदीची वहिवाट नाकारून तेथे भराव टाकला, तर ती आपला वाटा दुसऱ्या कोणाच्या तरी उंबऱ्यातून वसूल करते. जयंती आणि दुधाळी नाल्यांच्या काठच्या लोकांना हे सांगावे लागत नाही.

अन्य देशांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे पाहताना एक हृद्य योगायोग आढळतो. विलायतेहून परतताना १८७० साली फ्लॉरेन्समध्ये निधन पावलेल्या कोल्हापूरच्या, शाहू महाराजांच्याही आधीच्या, तरुण राजाराम महाराजांवर आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर अग्निसंस्कार झाले. त्यांची छत्री आजही तेथे उभी आहे, ती कॅशिने या विस्तीर्ण सार्वजनिक उद्यानात. एके काळी मेदिची घराण्याची खाजगी असलेली ती भूमी पुढे नागरिकांची झाली आणि आजतागायत मोकळी राहिली, म्हणूनच परक्या देशातील आपल्या राजाचे स्मारकही झाडांच्या सावलीत सुखरूप राहिले. न्यूयॉर्कने १८५३ मध्ये सेंट्रल पार्कसाठी जमीन घेण्याचे ठरवले तेव्हा ती वस्तीच्या बाहेर होती. आज त्या ८४३ एकरांच्या चारही बाजूंनी गगनचुंबी इमारती आहेत. आपल्याकडेही, १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याची जागा असलेला सागरमाळ हा ओसाडच माळ होता. आज त्या ८५३ एकरांच्या परिसरात झाडे वाढली आहेत, तळी भरतात, मोर ओरडतात आणि पहाटे फिरावयास येणाऱ्या नागरिकांची तेथे वर्दळ असते. जमीन स्वस्त असताना आणि शहर दूर असताना दोन्ही ठिकाणी जो निर्णय घेतला गेला, तो आज घेतो म्हटले तर घेता आला नसता. कोल्हापूरच्या भोवतालची जी गावे उद्या शहरात येणार आहेत, त्यांची गायराने, त्यांचे ओढे आणि त्यांचे माळ यांच्याविषयी निर्णय घेण्याची वेळ म्हणूनच आज आहे.

तेव्हा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल त्या वेळी प्रत्येक पेठेतील तालीम मंडळाने, महिला मंडळाने, शाळेने तो नकाशा पाहावयास जावे. आपल्या गल्लीतील मोकळी जागा त्यावर कोणत्या रंगात दाखवली आहे, विहीर आणि ओढा दाखवले आहेत की वगळले आहेत, हे पाहून मुदतीत लेखी सूचना द्यावी. लेआउटच्या खुल्या जागेची मिळकत पत्रिका काढून पाहावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या जागेत रोज जावे. रंकाळ्यात केंदाळ माजले, सांडपाणी मिसळले, तेव्हा पहिली ओरड केली ती तेथे रोज फिरणाऱ्यांनीच. ज्यांचे पाऊल तेथे पडत नव्हते, त्यांना ते कळणारच नव्हते.

तालमीत पहाटे गेलेल्याने एक दृश्य पाहिलेले असेल. कुस्तीला उतरण्यापूर्वी वस्ताद पोरांच्या हाती फावडे देतो आणि हौदातली माती पुरी उकरायला लावतो. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घातलेले असते. ती मऊ आणि थंड असते. पण चार-आठ दिवस कोणी उकरली नाही, तर तीच माती फरशीसारखी घट्ट बसते आणि तिच्यावर पडलेल्याचे हाड मोडते. शंभर वर्षांहून अधिक काळ कोल्हापूरच्या तालमींत ही माती मऊ राहिली, ती रोज कोणी ना कोणी फावडे हाती घेतले म्हणून. उद्या सकाळी ते फावडे कोणाच्या हाती असेल, एवढेच या शहराने दरवर्षी स्वतःला विचारीत राहावे.